फडताळ ०.६.३: ‘हाड’ शोधलं की कऱ्हाड का येत होतं

सापडला एकदाचा. अकरा रात्री खाल्ल्या या बगने आणि शेवटी दुरुस्ती काय, तर दोन ओळींची अदलाबदल. पण आधी फडताळच्या (वाचनालयासाठीचं माझं पुस्तक-नोंदींचं अ‍ॅप) ०.६ ची कर्मकहाणी सांगतो, कारण मागच्या वेळी मी मोठ्या तोऱ्यात लिहिलं होतं की सर्च आता एफटीएस५ वर (एसक्यूलाइट डेटाबेसमधलं शब्दशोधाचं साधन) गेला, कसला पळतोय बघा. (हा ‘तोऱ्यात’ पण त्यातलाच, पुढे कळेल.) पळत होता खरा, पण भलतीकडेच.

काकूंना तुम्ही ओळखताच. कऱ्हाडजवळच्या त्या ‘ड’ वर्ग वाचनालयाच्या ग्रंथपाल, ज्यांच्या व्हॉइस मेसेजवर निम्मं फडताळ उभं आहे. ०.६ टाकल्याच्या दुसऱ्याच दिवशी सकाळी सव्वाआठला मेसेज: “अहो दादा, ते मोरे शोधलं तर मीरा येतीय, मुरारी येतोय, कुमार पण येतोय. मोरे आहेत पण कुठंतरी पार खाली. जुनंच बरं होतं की ओ.”

जुनं म्हणजे डेटाबेसचं साधं लाईक, मजकुरात कुठेही तीच अक्षरं दिसली की नोंद देणारं. साडेचार हजार नोंदींना लाईक भरपूर झालं असतं हे तुमच्यातल्या एकाने तेव्हाच सांगितलं होतं, मान्य, पण मला रँकिंग हवं होतं, दोन-तीन शब्द उलटसुलट टाकले तरी पुस्तक मिळायला हवं होतं, आणि खरं सांगायचं तर हौस होती.

तर मोरेची मीरा कशी झाली. एफटीएस५ चा नेहमीचा टोकनायझर, म्हणजे मजकुराचे शब्द पाडणारा भाग, युनिकोड६१. तो अक्षरं आणि आकडे यांनाच शब्दाचा भाग मानतो, बाकी जे काही येईल तिथे शब्द तोडतो. इंग्रजीत ठीक आहे, पण आपल्या काना, मात्रा, वेलांटी, उकार आणि हलन्त युनिकोडच्या हिशोबात अक्षरं नाहीत, त्या ‘मार्क’ गटात येतात. म्हणजे ‘मोरे’ मधला ओकार दिसला की तोड, एकार दिसला की तोड. उरलं काय, म आणि र. मीरा? म आणि र. कुमार? क, म, र, म्हणजे त्याच्याही पोटात म-र आहेच. मी एफटीएस५-व्होकॅबचा टेबल उघडून बघितला, त्यात इंडेक्समधले सगळे शब्द दिसतात, आणि तिथे शब्द नव्हतेच, क, ग, त, न, प, म, र अशी बाराखडी न शिकलेल्या पोराची पाटी होती. चहा तसाच राहिला त्या दिवशी.

यावर उपाय सोपा आणि तो डॉक्युमेंटेशनमध्येच आहे, टेबल बनवताना कॅटेगरीज मध्ये एमएन आणि एमसी हे मार्कचे दोन गट वाढवायचे. बाय द वे, ट्रायग्रॅम (तीन-तीन कॅरेक्टरचे तुकडे पाडणारा टोकनायझर) सुचवणाऱ्यांसाठी: २०२० च्या डिसेंबरात एसक्यूलाइट ३.३४ बरोबर आलेला तो टोकनायझर मी लावून बघितला, चांगला आहे, पण तीनपेक्षा कमी कॅरेक्टरचा शब्द त्याला दिसतच नाही. ‘आई’ दोन कॅरेक्टरचा शब्द. आई शोधली तर शून्य निकाल देणारं अ‍ॅप मी मराठी वाचनालयाला देणार नाही.

असो. ०.६.१ गेलं, मोरे वर आले, मीरा आपल्या घरी गेली. मी खूश. चार दिवसांनी काकू: “दादा, एक डॉक्टर सभासद आलेत, त्यांना हाडांच्या आजारावरचं पुस्तक हवं होतं. हाड टाकलं तर समदं कऱ्हाड आलं. आणि कऱ्हाड टाकलं तर निम्मंच येतंय. ते तर मी मागंच सांगितलेलं तुम्हाला.”

सांगितलेलं होतं. वर्षभरापूर्वी. लाईकच्या काळात. आणि मी काय उत्तर दिलं होतं माहितीये? “काकू, टाइप करताना स्पेलिंग चुकलं असेल.” चॅट वर सरकवत जाऊन ते वाक्य परत वाचलं तेव्हा कान गरम झाले.

आता मूळ दुखणं. काकूंच्या नोंदी एक्सेलमधून आल्यात आणि ती एक्सेल दोघांनी मिळून भरलेली. एकाने इनस्क्रिप्ट या कीबोर्ड मांडणीवर, दुसऱ्याने कुठल्याशा फोनेटिक टायपिंगने. आपला तो पापणीसारखा अर्धा र, कऱ्हाड, वाऱ्या, सुऱ्या, गाऱ्हाणं यातला, तो दोन तऱ्हांनी लिहिता येतो (हे ‘तऱ्हांनी’ पण आलंच). एक म्हणजे नुक्तावाला ऱ, युनिकोड क्रमांक यू+०९३१, आणि त्याला हलन्त. दुसरी म्हणजे साधा र, हलन्त आणि मग झेडडब्ल्यूजे, ते न दिसणारं जोडचिन्ह. युनिकोडला दोन्ही चालतं. ऱ वालं शिफारशीचं, झेडडब्ल्यूजे वालं जुन्या मजकुरासाठी राखलेलं. स्क्रीनवर दोन्ही तंतोतंत एक. मी अ‍ॅपसोबत ‘एक टाइप’ या संस्थेचा ‘मुक्ता’ देतो, सुरेख फॉन्ट, फुकट आणि मुक्त परवान्याचा, इतका सुरेख की कऱ्हाड आणि कर्‍हाड शेजारी ठेवले तर ब्रह्मदेवाला फरक कळणार नाही. आत्ता या ओळीत दोन्ही दोन प्रकारे लिहिलेत, बघा ओळखता येतात का.

आणि झेडडब्ल्यूजे ना अक्षर, ना मार्क. तो फॉर्मॅट गटात. म्हणजे माझ्या दुरुस्त टोकनायझरने दुसऱ्या टायपिस्टचं कऱ्हाड नेमकं त्याच जागी मोडलं: ‘कर्’ एकीकडे आणि ‘हाड’ एकीकडे. अख्ख्या गावाला हाड म्हटलं की हो मी!

मग मी हुशारी केली. सेव्ह करताना मूळ नोंदीला हात लावायचा नाही, शेजारी एक सर्चपुरता साफ केलेला कॉलम ठेवायचा, आणि शोधशब्दालाही तेच फंक्शन लावायचं. हा भाग अजूनही बरोबर आहे, तो तसाच राहील. फंक्शनमध्ये आधी एनएफसी (एकाच अक्षराची युनिकोडमधली समतुल्य रूपं एकसारखी करणं), मग सगळे न दिसणारे जॉइनर पुसून टाक, मग र-हलन्त-जॉइनर दिसला तर त्याचा ऱ-हलन्त कर. परत वाचा. आधी जॉइनर पुसतोय आणि मग जॉइनर शोधतोय. ती शेवटची ओळ जन्मात एकदाही चालली नाही. पण ‘हाड’ शोधल्यावर कऱ्हाड यायचं थांबलं, लक्षण गेलं, म्हणून रोग गेला असं समजून मी ०.६.२ पाठवून दिलं.

याने प्रकार आणखी बिघडला. दुसऱ्या टायपिस्टच्या सगळ्या दऱ्यांचा इंडेक्समध्ये दर्या झाला. म्हणजे दऱ्या शोधल्या तर सह्याद्री गायब आणि दर्या शोधला तर कोळ्यांच्या पुस्तकांबरोबर घाटमाथा वर. आणि निम्मं कऱ्हाड अजून गायबच.

मग इतके दिवस का लागले? तर माझी टेस्ट पास होत होती. दर वेळी हिरवी. टेस्टमधला ‘कऱ्हाड’ मी स्वतः टाइप केलेला, मी इनस्क्रिप्टवाला, शिफ्ट-जे दाबलं की सरळ ऱ येतो, त्यात जॉइनर नाहीच. म्हणजे मी ऱ ला ऱ शी ताडून बघत होतो आणि स्वतःची पाठ थोपटत होतो. काकूंच्या एक्सेलमधून शब्द कॉपी करून टेस्टमध्ये टाकायचं दहाव्या रात्रीपर्यंत सुचलं नाही. टाकला, आणि कंटाळून नुसती लांबी छापली: माझा कऱ्हाड सहा, त्यांचा सात. बास. त्या सातकडे बघत मी पाच मिनिटं नुसता बसून होतो. दोन ओळी वरखाली केल्या, इंडेक्स परत बांधला, आणि एक्सेलमधलं प्रत्येक कऱ्हाड आलं. बायको झोपली होती म्हणून ओरडता आलं नाही.

यापुढे टेस्टचे शब्द मी टाइप करणार नाही, लोकांच्या फायलींमधूनच उचलणार. आणि तुमच्यापैकी कुणी मराठी सर्च लिहीत असाल तर शब्द डोळ्याने बघू नका, त्याची कॅरेक्टरं नावासकट छापून बघा, पायथॉनमध्ये युनिकोडडेटाचं नेम फंक्शन आहे त्यासाठी. ॲ चा पण हाच घोळ आहे, कुणी यू+०९७२ लिहितं, कुणी अ वर चंद्र देतं, कुणी हिंदीचा ऍ. एनएफसी यातलं काहीही जुळवत नाही, हाताने जुळवावं लागतं. ते पण टाकलंय.

एक सुखाची गोष्ट सांगतो मध्येच. पुण्याच्या तपकीर गल्लीतून आणलेल्या बारकोड स्कॅनरचं रडगाणं मागे गायलो होतो. स्कॅनर म्हणजे कॉम्प्युटरच्या लेखी कीबोर्डच, त्यामुळे मराठी लेआउट चालू राहिला की दाखल क्रमांक देवनागरी आकड्यांत उमटायचा आणि मी त्यासाठी रूपांतराचं कोष्टक लिहायला बसलो होतो. काही लिहावं लागलं नाही! पायथॉनचा इंट (मजकुराचा आकडा करणारं फंक्शन) ‘१२३४’ सरळ घेतो आणि १२३४ च देतो. आयएसबीएन मात्र स्ट्रिंग (मजकूर) म्हणून ठेवतो, तिथे बदलावं लागलं, ९७८-८१ आणि ९७८-९३ हे भारतातले दोन्ही आरंभ नीट ओळखतोय आता. स्टिकर रोल मात्र ऑनलाइन घेऊ नका, माझे पंधरा दिवसांत पुस्तकांच्या पाठीवरून सुटायला लागले. गल्लीतल्या दुकानदाराने दोन रोल हातात देऊन नखाने ओढून बघायला सांगितलं, त्यातला महाग घेतला, तो टिकलाय.

०.७ मध्ये दाखल नोंदवहीची छपाई येणार होती, तपासणीला लागते तशी. आता जरा थांबेल, कारण काकूंनी “कराड टाकलं तर?” असं विचारलं आणि मी म्हणालो तो वेगळा शब्द आहे. फोन ठेवल्यावर वाटलं, परत तेच करतोय मी. लोक कराडच लिहितात. ऱ्हस्व-दीर्घ तर विचारूच नका. म्हणून दुसरा एक सैल कॉलम करायचा, त्यात वेलांट्या एक, उकार एक, ऱ्ह चा नुसता र, आणि पक्क्या कॉलममध्ये काही सापडलं नाही तरच त्यात बघायचं.

हे लिहिता लिहिता आत्ता लक्षात येतंय की ‘सापडलं नाही तरच’ हे चुकीचं आहे. कराडच्या नावाने दोन पुस्तकं असली तर ती सापडतील आणि कऱ्हाडची तीस लपून राहतील. दोन्हीकडे शोधायचं, पक्के वर, सैल खाली, मध्ये एक बारीक रेघ. शिर आणि शीर एकत्र येतील, सुत आणि सूत एकत्र येतील, येऊ देत, रेघेखाली येतील. छपाई तशीही मार्चच्या आत द्यायची आहे. डार्क मोड मागणाऱ्यांनो, वाचनालय ट्यूबलाइटमध्ये चालतं, तुमचा नंबर शेवटी. आणि पायसाइड६ वर (अ‍ॅपच्या खिडक्या-बटणं बनवणाऱ्या क्यूटी सहाचं पायथॉन रूप) कधी जाणार विचारणाऱ्यांना: काकूंचा पीसी विंडोज सात आहे, क्यूटी सहा त्यावर चालत नाही, तो पीसी जाईल तेव्हा मी जाईन.

०.६.३ काल रात्री पाठवलं. आज सकाळी सव्वाआठला मेसेज: “दादा, कऱ्हाड आलं बघा समदं. हाड पण वेगळं आलं, डॉक्टरांना कळवते. आता एक विचारू का, लेखकांच्या यादीत क्षीरसागर ‘क’ मध्ये का बसलेत? आमच्या वहीत क्ष, ज्ञ शेवटी असतात, ळ च्या नंतर.”

क, हलन्त, ष. अर्थातच क मध्ये बसणार. सॉर्ट-की मध्ये (यादीचा क्रम ठरवणारी किल्ली) क्ष आणि ज्ञ ला ळ च्या पुढचे नंबर देऊन बघतोय, आणि या वेळी यादी काकूंच्या वहीचे फोटो मागवून त्यावरून ताडणार आहे. तीन पानं आलीयेत, चौथं अंधुक आहे, परत मागितलंय.