त्याचा ताठा, तिचा काय?

मंगळवार, रात्री साडेअकरा

कूलर नुसता घरघरतोय, हवा गरमच. झोप येईना म्हणून जेन ऑस्टिनची ‘प्राइड अँड प्रेज्युडिस’ ही कादंबरी पुन्हा काढली आणि पाचव्या प्रकरणात अडकले.

आदल्या रात्री नाचाच्या वेळी श्रीमंत डार्सीने नायिका एलिझाबेथला नाकं मुरडलीत, तिने ते स्वतःच्या कानांनी ऐकलंय. आता बायका जमल्यात. तिची मैत्रीण शार्लट म्हणते, पैसा आहे, घराणं आहे, करू दे की प्राइड. एलिझाबेथ म्हणते, त्याचा प्राइड मी सहज माफ केला असता, त्याने माझा दुखावला नसता तर. शब्द एकच, दोघांत वाटलेला.

मराठीत आणायला गेले नि फसले. त्याचा ‘ताठा’, तिचा ‘स्वाभिमान’? अर्थ आला, विनोद मेला. शिवाय निकालही आपणच लावला, तो वाईट, ती चांगली. ‘माज’ तर नकोच. तो गुरांना येतो, डार्सी बापडा कोपऱ्यात अवघडून उभा राहणारा. ‘अभिमान’ त्याच्या अंगावर फारच सोज्वळ दिसतो.

मग आजी आठवली. दादा दहावी झाला तेव्हा गल्लीत बॅनर लागलं होतं, ‘आम्हाला तुझा गर्व आहे’. आजी खालीच थबकली. ‘हे कायले लिवलं बाप्पा? गर्वाचं घर खाली असते.’ दादा हसला, पण तिने ते उतरवायलाच लावलं.

हिंदीतला गर्व मिरवायचा, मराठीतला उतरवायचा. आमच्या नागपुरात दोन्ही एकाच तोंडी. १९५६ पर्यंत हे शहर हिंदी मुलखाचीही राजधानी होतं, शब्द इकडून तिकडे सांडणारच.

म्हणून लिहून पाहिलं: ‘त्याचा गर्व मी माफ केला असता, त्याने माझा दुखावला नसता तर.’ माझ्या कानाला चाललं! पुण्याच्या मैत्रिणीला पाठवलं. तिचं लगेच उत्तर, ‘एलिझाबेथला कसला गर्व? तिने काय केलं बिचारीने?’

अगं, तेच तर! छत्तिसाव्या प्रकरणात डार्सीचं पत्र वाचून ती स्वतःशीच कबूल करते, माणसं ओळखण्याची मला केवढी घमेंड होती आणि मी आंधळीच निघाले. १८१३ साली छापलेल्या पुस्तकात बाई स्वतःचीच अशी झडती घेते, ते मला अजून नवं वाटतं.

‘छत्तीस वाच’ एवढंच लिहून पाठवलं. निळ्या खुणा झाल्या, उत्तर नाही.

कूलरमधलं पाणी संपलं वाटतं. उठायला हवं.