आधी खून, मग सोयरीक

पहिल्या वीस पानांत खून झाला नाही तर आमच्या शेजारच्या काकू पुस्तक परत करतात. वाचनालयातल्या बाईंना त्यांनी तसं बजावूनच ठेवलंय. प्रेम, निसर्गवर्णन, घराण्याचा इतिहास, जे काय असेल ते प्रेत सापडल्यावर सांगा. त्याच्या आधीच सांगत बसलात तर आम्ही कशाच्या आशेवर वाचायचं, असा त्यांचा रोकडा सवाल. आमच्या मोठ्या जाऊबाईंचं नेमकं उलटं. कुणी मेलं काय, जगलं काय, 'त्या दोघांचं' पुढं काय झालं तेवढं सांगा. आणि भाऊजींना खूनही नको, प्रेमही नको. त्यांना चुका लागतात. लेखकाचा एखादा सन चुकला, एखादा कायदा चुकला की त्यांना त्या दिवशी जेवण जास्त जातं.

अशा तिघांना एकाच गोष्टीनं धरून बसवलं, ते यंदाच्या मे महिन्यात, लातुरात, शेवया करताना.

पुण्याला शिकणारी भाची सुट्टीला आली होती. इंग्रजी कादंबऱ्यांची एक जातच आहे, तिची भाचीला भारी ओढ. सव्वाशे-दीडशे वर्षांपूर्वीचं लंडन, धुकं, घोडागाड्या, एक खून आणि तो उलगडायला निघालेले एक तो आणि एक ती. दोघंही हुशार, दोघंही हट्टी. पहिल्या भागात एकमेकांचं तोंड बघवत नाही. पुढच्या दर भागाला एक खून आणि बोटभर जवळीक. कुठल्या मालिकेतलं पुस्तक होतं ते सांगत नाही, कारण आमच्याकडे जी मतं पडली ती या जातीच्या बहुतेक पुस्तकांना लागू पडतील.

आमच्या जुन्या घराची माळवदाची एक खोली आम्ही उन्हाळ्यापुरती राखून ठेवली आहे. तिथं बाजेला मशीन कसलेलं. मी दांडा फिरवत होते, जाऊबाई सोजीचे गोळे भरत होत्या, काकू खाली उतरणाऱ्या लडी अलगद उचलून काठीवर टाकत होत्या, आणि भाची टॅबवर इंग्रजी वाचून मराठीत सांगत होती. भाऊजी पंख्याखाली पेपर घेऊन बसले होते. आपला या बायकांच्या गोष्टीशी काही संबंध नाही असा त्यांचा चेहरा होता. फक्त पेपरचं पान काही उलटत नव्हतं.

खोलीला आतून कडी, खिडक्या बंद, आणि आत म्हातारा उमराव मरून पडलेला. इथंच भाचीला नेमकी तहान लागली. ती पाण्याला उठली की माझा हात थांबायचा. सोजी उघडी राहिली की वरून सुकते आणि मशीनमधून तुटक उतरते. त्यामुळं त्या दिवशीच्या शेवया आजही डब्यात ओळखू येतात. जिथं खुनी हाती लागता लागता राहिला तिथल्या बोटभर, आणि जिथं लेखिकेनं बागेचं वर्णन लांबवलं तिथल्या हातभर लांब, एकसारख्या. कुणाला गोष्टीत दम कुठं होता हे बघायचं असेल तर डबा उघडून दाखवता येईल.

काकूंनी खुनी तिसऱ्याच प्रकरणात धरला. "त्यो पुतण्या. एवढं गोड बोलायलाय, त्योच असणार." त्यांची पद्धत साधी आहे. म्हातारा, इस्टेट, पोटी मूल नाही, आणि उठता-बसता 'काका, काका' करणारा पुतण्या. एवढी सामग्री लातूर जिल्ह्यात कुठल्याही गावात मिळेल, तिला लंडनचं धुकं कशाला? शेवटी खुनी निघाली घरातली कारभारीण. काकू मात्र हरल्या नाहीत. "असंल. पण पुतण्याचा विचार होताच," म्हणाल्या.

खरी अडचण भाचीची होती, आणि ती खुनाची नव्हती. या कादंबऱ्यांत चार प्रकरणांमागे एकदा तरी ती दोघं पावसात अडकतात, नाहीतर एकाच बग्गीत बसतात, आणि मग लेखिका हात आखडत नाही. मोठ्या मामांसमोर ते मराठीत सांगायचं कसं? भाची म्हणायची, "मग ते दोघं बग्गीत बसून... बोलले."

"निसते बोलले?" जाऊबाई.

"हो मामी. बोलले."

"अन् मग दोन पानं कामून उलटलीस?"

भाऊजींनी पेपर एकदम तोंडापर्यंत वर घेतला. नंतर स्वयंपाकघरात चहाच्या निमित्तानं त्या दोन पानांचा तपशील जाऊबाईंनी काढून घेतलाच, आणि मत दिलं: एवढं काही नाही.

तक्रार मात्र त्यांची रास्त होती. "इतकं पटतंय तर ही बया लग्नाला नाही का म्हणायलीय? नखरेच हायेत." या जातीच्या पुस्तकांवर हा आरोप नेहमीच होतो. लेखिका उगाच ताणते, पुढचे भाग खपवायचे म्हणून नायिकेला नकार द्यायला लावते. यावर उत्तर आलं ते पेपरच्या मागून. भाऊजींची सगळी नोकरी दुय्यम निबंधकाच्या कार्यालयात गेली. खरेदीखतं, बक्षीसपत्रं, वाटण्या. ते म्हणाले, गोष्ट १८८० च्या सुमाराची आहे ना? मग ती हो म्हणेलच कशी? १८८२ चा कायदा होईपर्यंत इंग्लंडात बाईचं लग्न झालं की तिची बहुतेक मालमत्ता नवऱ्याच्या ताब्यात जायची. बापानं ठेवलेले पैसे, गुंतवणूक, सगळं. आधी एखादा करार करून ठेवला असेल तर गोष्ट वेगळी. "पोरीकडं स्वतःची इस्टेट आहे. सही करायच्या आधी विचार करतीय, नखरे नाही करत."

जाऊबाई थोडा वेळ काही बोलल्या नाहीत. मग गोळा भरता भरता म्हणाल्या, "मग दोन वर्षं थांब म्हणावं तिला."

भाऊजींनी तोंड उघडलं ते मग मिटेना. पोलिस अधिकारी पेल्यावरचा बोटांचा ठसा घेऊन खुनी ओळखतो असं पुढं आलं आणि त्यांनी पेपर खाली ठेवला. ठसे हा त्यांचा प्रांत. हयातभर त्यांनी लोकांचे अंगठे घेतले. हर्शेल नावाच्या इंग्रज अधिकाऱ्यानं १८५८ मध्ये बंगालात जंगीपूरला करारावर पहिल्यांदा पंजा उमटवून घेतला, ते आपल्या कामाचं मूळ, असं ते अभिमानानं सांगतात. ठशांचं पहिलं कार्यालय निघालं तेही कलकत्त्यात, १८९७ ला. स्कॉटलंड यार्डला ते सुचलं १९०१ मध्ये. "आपल्याकडून शिकून गेले अन् ह्या बाईनं वीस वर्षं आधीच वापरून टाकलं." आपल्या खात्यावर अन्याय झाल्यासारखा त्यांचा चेहरा झाला होता. माझं मत विचाराल तर प्रेमकथेत एखादा धागा ढिला असला तरी चालतो, रहस्यही थोडं ओळखता आलं तरी चालतं. पण काळ ज्याच्या जिवावर उभा केला त्यातच खोट निघाली तर मग त्या घोडागाड्या नुसत्या नाटकातल्या वाटायला लागतात.

खून आणि प्रेम एका पुस्तकात नांदावं की नाही, हा वाद काही आमच्या खोलीत सुरू झाला नाही. १९२८ साली व्हॅन डाइन नावाच्या अमेरिकन लेखकानं रहस्यकथेचे वीस नियम छापले; त्यातला तिसराच नियम असा की प्रेमप्रकरण नको, काम गुन्हेगाराला न्यायासमोर आणायचं आहे, जोडप्याला बोहल्यावर चढवायचं नाही. त्याच वर्षी डोरोथी सेयर्स या इंग्रज लेखिकेनंही रहस्यकथेतल्या प्रेमावर नाक मुरडलं होतं. आणि दोन वर्षांत तिनं आपल्या गुप्तहेराला कुणाच्या प्रेमात पाडावं? तर आरोपीच्या पिंजऱ्यात उभ्या असलेल्या, विषप्रयोगाचा खटला चाललेल्या बाईच्या. तो तिला निर्दोष सोडवतो, मागणी घालतो, आणि ती नाही म्हणते. उपकाराच्या ओझ्याखाली संसार नको, हे तिचं म्हणणं. तिचा होकार येतो १९३५ च्या कादंबरीत. हे मी सांगितलं तेव्हा जाऊबाई म्हणाल्या, "पाच वर्षं! आमचं पोहे संपायच्या आत ठरलं होतं."

बंगाली रहस्यकथांतल्या ब्योमकेश या गुप्तहेरालाही सत्यवती, त्याची होणारी बायको, भेटते ती एका खुनाच्या तपासातच. संशय तिच्या भावावर असतो. मला वाटतं, या सगळ्या लेखकांना एक गोष्ट कळली होती. त्या काळात परक्या बाईनं परक्या पुरुषाशी बोलायचं तरी कशाच्या निमित्तानं? बरोबर चालायचं, रात्री-अपरात्री भेटायचं, चिठ्ठ्या पाठवायच्या, भांडायचं, 'तुमचं चुकतंय' म्हणून तोंडावर सांगायचं, या सगळ्याला घरच्यांनी मान डोलवावी असं कारण एकच: कुणीतरी मेलंय. सोयरिकीत मध्यस्थ लागतो, तसं या पुस्तकांत ते काम प्रेत करतं. तेही मानपान न मागता. म्हणून तर आजच्या काळातली अशी जोडी मला फिकी वाटते. तिला मध्यस्थाची गरजच नाही. आमच्या लातुरात शिकवण्यांच्या गल्लीत रात्री दहाला पोरं-पोरी चहाच्या गाड्यावर सेंद्रिय रसायनशास्त्राच्या नोट्स बदलत उभी असतात. त्यांच्यासाठी कुणी मरायचं कारण नाही.

काकूंना हे फारसं पटलं नाही. त्या म्हणाल्या, मग हे आपल्याकडं घडव की. लंडन कशाला?

आणि तिथून शेवयांचं काम खरोखर रखडलं.

भाऊजींना नळदुर्गचा किल्ला पाहिजे होता. बरोबरच आहे म्हणा. बोरी नदीवरच्या बांधाच्या पोटातच महाल, पावसाळ्यात नर आणि मादी या दोन्ही धबधब्यांचं पाणी कोसळतंय आणि आतला माणूस कोरडा. एवढी जागा फुकट असताना इंग्रज लेखकांचे वाडे कशाला हवेत? ठगांवर १८३९ मध्ये कादंबरी लिहिणारा मेडोज टेलर पुढं याच नळदुर्गाचा कारभार बघायला आला होता, म्हणजे गुन्ह्याच्या गोष्टीचं पाणी त्या मातीत मुरलेलंच आहे. पण काकू आडव्या आल्या. "तिथं प्रेत नको. आम्ही लेकरं घेऊन जाताव पावसाळ्यात."

मग ठरली बार्शीची छोटी गाडी. बार्शी इंग्रजांची, लातूर निजामाचं, आणि १९११ पासून ही अरुंद रुळांची गाडी एका राज्यातून दुसऱ्या राज्यात धापा टाकत यायची. खून अलीकडं करायचा आणि पलीकडं निघून जायचं. इंग्रजांचा फौजदार हद्दीवर हात चोळत बसेल. पुरावा म्हणून भाची म्हणाली, खुनी शपथेवर सांगतो मी सोलापूर कधी सोडलंच नाही, आणि त्याच्या कोटाच्या खिशात चारमिनारचं चित्र असलेला रुपया निघतो. निजामाचा हाली सिक्का. आम्ही वाहवा म्हणणार तेवढ्यात काकू म्हणाल्या, "सोलापूरच्या बाजारात हाली येत नसंल व्हय? व्यापारी दोन्हीकडचेच." सात हालीला साधारण सहा कलदार, म्हणजे इंग्रजी रुपये, असा भाव हद्दीवरच्या प्रत्येक दुकानदाराला पाठ असणार, हे भाऊजींनाही मान्य करावं लागलं. पुरावा बाद.

त्याच्या जागी त्यांनी जो पुरावा दिला तो मात्र मला अजून हेवा वाटायला लावतो. निजामी दस्तावर फसली तारीख असायची. फसली सन इंग्रजीच्या मागे सुमारे ५९० वर्षं, महिने आजूर, दै, बहमन असे, आणि नवं वर्ष लागायचं ऑक्टोबरात. एक खरेदीखत फसली तारखेचं, एक सोलापूरची पावती इंग्रजी तारखेची. दोन्ही कागद वेगवेगळ्या राज्यांच्या दप्तरात, एक उर्दूत, एक मोडीत. जोपर्यंत ते कुणी शेजारी ठेवून वाचत नाही तोपर्यंत खुनी सुखरूप. वाचले की कळतं, हा गृहस्थ एकाच दिवशी दोन गावांत सह्या करत होता. कुणबी नोंदींसाठी २०२३ मध्ये जुनी दप्तरं उघडली तेव्हा मोडी आणि उर्दू वाचणाऱ्यांना शोधत माणसं फिरत होती. त्या काळातही दोन्ही लिप्या येणारा एक माणूस मिळणं अवघडच. म्हणजे एकाला उर्दू यायला हवी आणि दुसऱ्याला मोडी. म्हणजे दोघं लागणारच. इथं कोड्यालाच जोडी लागत होती, लेखिकेनं ती वरून चिकटवायची गरज नव्हती. मला तर पुण्याच्या पोरीनं आणलेल्या त्या सबंध मालिकेपेक्षा हे सरस वाटलं.

"बरं, पण भेटतात कुठं?" जाऊबाई. त्यांचा प्रश्न ठरलेला. मोडी येणारी ती, सोलापूरला शिकलेली, लातूरला मास्तरीण म्हणून निघालेली. पण गाडीत बायकांचा डबा वेगळा. फलाटावर बरोबर भाऊ किंवा मामा. वाड्यात गेली की संपलंच.

"करोडगिरीचा नाका," भाऊजी म्हणाले. निजामाच्या हद्दीत माल आला की जकात घ्यायला करोडगिरीवाले सामान तपासायचे. तो तिथं कारकून, उर्दूत नोंदी करणारा. तिची लोखंडी पेटी त्याच्यासमोर येते.

"पहिल्याच भेटीत पेटी उघडायची?" जाऊबाईंच्या हातातला गोळा तसाच राहिला. "अन् आत काय काय असंल बाईमाणसाचं!"

"पुस्तकं," भाची म्हणाली.

"अन् लुगड्याखाली एक दस्त," काकू म्हणाल्या, "तिला ठाव नसलेला."

भाऊजी सरसावून बसले. दस्त कुणाचा, मुद्रांक कितीचा, साक्षीदार कोण, सगळं त्यांना लगेच ठरवायचं होतं. काकूंना प्रेत त्याच नाक्यामागं हवं होतं, वीस पानांची मुदत संपत आली म्हणून.

"थांबा वो," जाऊबाई म्हणाल्या, "आधी त्याला ती पेटी नीट लावून तर देऊ द्या."