रवा की खा?

डब्यावर मी मार्करने 'रवा' लिहिलेलं, चिरंजीवांनी वाचलं 'खा' आणि मूठभर कोरडा रवा तोंडात! तिसरीत होता तेव्हा. सगळे पोट धरून हसलो, तोही हसला, पण रात्री मला झोप लागेना, कारण तो गंमत करत नव्हता, त्याने खरंच तसं वाचलं होतं. घ चा ध, म चा भ हे तर रोजचंच, आणि जोडाक्षर आलं की गाडी ठप्प. मी काय करायचे, तर चुकलेला शब्द २० वेळा लिही. बिचारा २० वेळा नीट उतरवायचा, दुसऱ्या दिवशी परत चुकायचा आणि मी परत ओरडायचे. वहीवर शेरा ठरलेला, 'लक्ष देत नाही.'

आधी डोळे आणि कान तपासले, दोन्ही ठणठणीत. मग सरकारी हॉस्पिटलात चाचण्या, त्याच्या तीन-चार चकरा झाल्या. बुद्ध्यांक चांगला, वाचन मात्र दोन इयत्ता मागे, म्हणजे डिस्लेक्सिया. मी रडले, पण खरं सांगू का, ते त्या २० वेळा आठवून.

थेरपीच्या मॅडमनी पहिलं काय सांगितलं तर ताटात रवा पसरा (हो, रवाच!) आणि मोठ्याने आवाज काढत बोटाने अक्षर गिरवायला लावा. सासूबाई बघून म्हणाल्या, "अगं ही तर धूळपाटी, माझे वडील असेच शिकले." एवढी फी भरून आम्ही धूळपाटीवर परत आलो 😄 पण ख आणि रव त्याला त्या ताटातच वेगळे कळले.

गणितात वेगळीच तऱ्हा. त्रेसष्ट म्हटलं की ३६ लिहायचा. आता ऐकताना तीन आधी येतो, साठ नंतर, मग तो तरी काय करणार? २०१९ ला बालभारतीने दुसरीच्या पुस्तकात एकवीसला 'वीस एक' म्हणायची पद्धत दिली तेव्हा मीच व्हॉट्सॲपवर जोक फॉरवर्ड करत होते. आता घरात आम्ही 'साठ तीन, त्रेसष्ट' असंच म्हणतो.

सगळ्यात मोठा फरक पडला तो मी धडे वाचून दाखवायला लागले तेव्हा. वाचायला शिकणं वेगळं आणि धड्यात काय आहे ते कळणं वेगळं, हे मला कोणी आधी का नाही सांगितलं? चौथीचं शिवाजी महाराजांचं पुस्तक मी वाचायचे नि तो ऐकायचा, मग अफझलखानाचा वध असा रंगवून सांगायचा की कुकरच्या शिट्ट्या मोजायच्या राहायच्या. वाचनाचा सराव रोज फक्त १५ मिनिटं, तोही पाहुण्यांसमोर कधीच नाही.

सर्टिफिकेट काढलं तर "शिक्का कशाला मारून घेता" म्हणणारे नातेवाईक भेटलेच. पण २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात अध्ययन अक्षमता आहे (डिस्लेक्सिया त्यातच येतो), परीक्षेत तासाला २० मिनिटं जास्त मिळतात, लेखनिक मिळतो. मग का सोडायचं?

आता पाचवीत आहे. वाचन अजून हळूच, शुद्धलेखनाचं तर विचारूच नका. डब्यांची लेबलं मात्र तोच लिहितो. साखरेच्या डब्यावर परवा 'सारवर' आलं. राहू दिलंय तसंच, चहा गोड होतोय.