ध्यानासाठी सगळ्यात लाडकं गाणं नको

सोमवार, रात्र

आवडतं संगीत लावून डोळे मिटले की ध्यान लागतं, हे अर्धंच खरं आहे. थकवा उतरतो, खांदे सैल पडतात, इथपर्यंत ठीक. पण गाणं जिवापाड आवडीचं असलं की मन ऐकत बसत नाही, ते पुढे पळतं. आता ती जागा येणार, आता ती सुरांची हरकत. ओठ मिटलेले असतात आणि जीभ आतल्या आत गुणगुणत असते. शिवाय अशा गाण्याला माणसं चिकटलेली असतात, कुणाचं लग्न, कुणाचं जाणं. दिवसभराचा शीण घालवायला असं गाणं उत्तम, त्यात रडू आलं तरी बिघडत नाही. ध्यानाला मात्र दुसऱ्या-तिसऱ्या क्रमांकाची आवड निवडावी. आवडतं, पण तोंडपाठ नाही, असं काहीतरी.

दुसरंही कारण आहे. ध्यानासाठी एकच ध्वनिमुद्रण तीन-चार आठवडे रोज ऐकावं लागतं. रोज नवं लावलं तर कान चव घेत बसतात, तुलना करत बसतात. तेच ते ऐकून पुढे काय येणार याची उत्सुकता संपते आणि मग खरं ऐकणं सुरू होतं. या घासण्यात त्या गाण्याची नवलाई झिजते. ती किंमत सगळ्यात लाडक्या गाण्याने का मोजावी?

अभंग लावणाऱ्यांसाठी एक गोष्ट. नामघोष ध्यानाला चांगलाच, पण हेडफोनमध्ये टाळाचा आवाज फार टोकदार लागतो. टाळ मागे आणि आवाज पुढे असलेलं ध्वनिमुद्रण शोधावं, किंवा हेडफोन काढून खोलीच्या कोपऱ्यात स्पीकर ठेवावा.

मंगळवार, पहाट

या कामासाठी मला विलंबित ख्यालाइतकं, म्हणजे अगदी संथ लयीतल्या शास्त्रीय गाण्याइतकं, सोयीचं दुसरं काही वाटत नाही. शब्द दोन ओळींचे, तेही इतके ताणलेले की अर्थ बाजूला राहतो आणि स्वर उरतो. किराणा घराण्याची स्वर लावण्याची संथ पद्धत किंवा इंदूरच्या उस्ताद अमीर खाँसाहेबांचा अतिविलंबित झुमरा तालातला ख्याल, दोन्हींत श्वासाला पुरेशी जागा आहे. किराण्याच्याच अब्दुल करीम खाँसाहेबांच्या ७८ गतीच्या तबकड्या कितीही सुंदर असल्या तरी इथे उपयोगाच्या नाहीत. तीन-सव्वातीन मिनिटांत बाजू संपते, तेवढ्यात तर मांडीही नीट जमत नाही.

विलंबित एकतालाचं, म्हणजे बारा मात्रांच्या तालाचं, एक आवर्तन (पूर्ण फेरी) साधारण ४५ सेकंदांपासून मिनिटभरापर्यंत जातं. मन भरकटलं हे कळायला आणि परत आणायला हे माप फार छान आहे. मात्रा मोजायच्या नाहीत. ठेक्यात, म्हणजे तबल्याच्या ठरलेल्या बोलांत, ‘तिरकिट’ दोनदा येतं, चौथ्या आणि दहाव्या मात्रेला. तबल्यावर ते चटकन ओळखू येतं. दुसरं तिरकिट ऐकू आलं की ‘धी ना’, आणि मग सम, म्हणजे आवर्तनाची पहिली मात्रा. समेला एकदाच स्वतःला विचारायचं, आत्ता मी ऐकत होतो का? नसलो तर चिडायचं नाही, पुढची सम येतेच आहे.

ही युक्ती तबला शिकलेल्यांना मात्र बाधते. त्यांचा हात मांडीवर ताल धरू लागतो आणि ध्यानाचा रियाज होतो. त्यांनी तबला नसलेलं घ्यावं. ध्रुपदाचा आलाप किंवा रुद्रवीणा, सरोदचा आलाप. त्यातही जोड, म्हणजे आलापानंतरचा भाग, सुरू झाला की लय येते, ‘झाला’ या त्यापुढच्या भागात ती चढते, म्हणून आलाप संपतो तिथेच थांबण्याची वेळ लावून ठेवावी. ख्यालातही तसंच. बडा ख्याल, म्हणजे विलंबित भाग, संपून द्रुत म्हणजे जलद भाग सुरू झाला की नाडी उठते. तराणा, म्हणजे नुसत्या बोलांचं वेगवान गाणं, तर थेट उभं करतो.

गुरुवार, रात्र

आज फक्त तंबोऱ्याबद्दल, कारण सगळं त्यावर उभं आहे.

गायक एक आलाप संपवतो आणि दम घेतो. त्या दोन-तीन सेकंदांत बहुतेक लोक पुढच्या आलापाची वाट पाहतात. खरी बसायची जागा तीच आहे. गाणारा थांबला, पण तंबोरा थांबलेला नाही. लक्ष गायकावरून सोडून त्या सुरावर ठेवायचं, आलाप आला की त्याच्याबरोबर जायचं, तो संपला की परत तंबोऱ्यावर. पहिले पाच-सहा दिवस एवढंच केलं तरी पुरे.

तंबोऱ्याला चार तारा. पहिली पंचमाची (प), ती मधल्या बोटाने छेडतात. मग जोडीच्या दोन षड्जाच्या (सा) आणि शेवटी खर्ज, म्हणजे खालचा सा, या तिन्ही तर्जनीने. खर्ज नीट मिळालेला असला की त्यातून गंधार (ग) ऐकू येतो. तो कुणी छेडलेला नसतो, खर्जाच्या तारेच्या पाचव्या उपस्वरातून तो आपोआप उमटतो, म्हणून त्याला स्वयंभू गंधार म्हणतात. तो ऐकायला बसणं हेच एक पूर्ण ध्यान आहे. शोधू गेलं तर सापडत नाही. खर्ज छेडल्यावर लगेच नाही, तर तार विरत जाताना, थोडा वर, मधमाशीच्या गुंजनासारखा येतो. आला की त्याच्यामागे धावू नये, पुढच्या खर्जाला तो पुन्हा भेटतो.

ही गुंज जवारीमुळे येते. घोडीचा, म्हणजे तारा टेकतात त्या पट्टीचा, पृष्ठभाग किंचित गोलसर घासलेला असतो, त्यावर तारेखाली सुताचा बारीक धागा सरकवून नेमकी जागा सापडेपर्यंत मागेपुढे करतात. केसभर सरकला तरी तार बोथट बोलते. मिरजेच्या कारागिरांनी हे काम पिढ्यान्‌पिढ्या केलं आहे, तिथल्या सतारीला आणि तंबोऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकनही मिळालं.

घरी खरा तंबोरा नसेल तर मोबाइलमधलं ॲप चालतं, पण फोनच्या स्पीकरवर नाही. काळी एकमध्ये, म्हणजे हार्मोनियमची पहिली काळी पट्टी सा धरली तर, खर्ज जवळपास ७० हर्ट्झला येतो. एवढा खालचा आवाज फोनच्या चिमुकल्या स्पीकरला काढताच येत नाही, त्यामुळे तंबोरा पातळ, पत्र्यासारखा वाटतो. बरा स्पीकर किंवा हेडफोन हवा. काही ॲपमध्ये पाच-सात सेकंदांचाच तुकडा फिरत राहतो. कानाला तो सांधा सापडला की मग दुसरं काही ऐकू येत नाही. असं ॲप सरळ काढून टाकावं.

ॲपचा सूर ध्वनिमुद्रणाशी जुळवणं महत्त्वाचं. गाणं सुरू होण्याआधी आठ-दहा सेकंद नुसता तंबोरा वाजतो, त्याचा षड्ज धरून गुणगुणायचं आणि ॲपची पट्टी तिथे आणायची. जुन्या टेपांचा वेग इकडेतिकडे झालेला असतो, त्यामुळे पट्टी दोन सुरांच्या मध्येच कुठेतरी सापडते. तिथे सेंटच्या (अर्ध्या सुराचा शंभरावा भाग) बारीक मापाने सरकवावं. दोन्ही एकत्र वाजवून आवाज डोलत असेल तर अजून फरक आहे, डोलणं मंदावत थांबलं की सूर मिळाला. मालकंस रागात पंचम वर्ज्य, म्हणून पहिली तार मध्यमाला (म) लावायची. हे विसरून पंचमाचा तंबोरा ठेवला की आत कुठेतरी खटकत राहतं आणि कारण कळत नाही.

शनिवार, पहाट

बसण्याचं थोडक्यात. चादरीची तीन-चार इंचांची घडी बैठकीखाली, म्हणजे गुडघे कमरेच्या खाली जातात आणि पाठ स्वतःहून सरळ राहते. पायाला मुंग्या आल्या तर खुर्चीवर बसावं, हट्ट नको. आडवं होऊन ऐकलं तर झोप लागेल. झोपच हवी असेल तर खुशाल आडवं व्हावं, पण त्याला ध्यान म्हणू नये.

आवाज नेहमी ऐकतो त्याहून कमी ठेवावा, इतका की खर्ज ऐकायला थोडं कान द्यावं लागेल. मोठ्या आवाजात गाणं अंगावर येतं, हळू आवाजात आपण त्याच्याकडे जातो.

ध्वनिमुद्रण आधी उतरवून घ्यावं आणि फोन विमान मोडवर टाकावा. मध्येच जाहिरात किंवा ऑटोप्लेने घुसलेलं भलतंच गाणं यांनी अर्ध्या तासाची बसक जाते. मैफलीच्या ध्वनिमुद्रणात त्याहून वाईट म्हणजे टाळ्या. शांत झालेल्या कानावर त्या कोसळतात आणि छातीत धस्स होतं. टाळ्या कितव्या मिनिटाला येतात ते आधी पाहून ठेवावं.

राग वेळेला धरून घ्यावा असं मला मनापासून वाटतं. पहाटे भैरव किंवा ललत, दिवेलागणीला मारवा किंवा पूरिया, त्यानंतर यमन, रात्री उशिरा मालकंस, दरबारी. रात्री दहानंतर ध्वनिक्षेपकावर बंधन आल्यापासून रात्रभराच्या मैफली दुर्मीळ झाल्या, तेव्हा उत्तररात्रीचे राग त्यांच्या वेळेला ऐकायची जागा आता घरच. मारव्याबद्दल सावध राहावं. त्यात षड्जावर विसावा क्वचित मिळतो, मन आधीच अस्वस्थ असलेल्या संध्याकाळी तो अधिकच बेचैन करतो. अशा वेळी यमन घ्यावा. तरीही घुसमट वाटली तर डोळे उघडावेत, उठावं, पाणी प्यावं. रोजच तसं होत असेल तर संगीतावर न सोडता डॉक्टरांशी बोलावं.

उद्यासाठी: पावणेसहा, कुकरच्या शिट्ट्यांच्या आधी. दोन मिनिटं नुसता तंबोरा, मग भैरवाचा विलंबित १५ मिनिटं, पुन्हा तंबोरा पाच मिनिटं, तो हळूहळू शून्यावर. शेवटची दोन मिनिटं काहीच लावायचं नाही. पंखा बंद ठेवायचा.