२८ चा टायर, ३४ ची फट

पंधरा-वीस दिवस झाले, डोक्यातून जाऊनच नाही राहिलं, म्हणून लिहून टाकतो. माझं सायकल रिपेरिंगचं दुकान आहे, नागपुरात, वडिलांपासूनचं. त्या दिवशी सकाळी शटर वर केलं, अगरबत्ती लावली, दुकानातला पोट्टा अजून यायचाच होता, तेवढ्यात एक कार येऊन थांबली. उतरलेल्या माणसाने डिक्कीतून सायकल ओढून काढली, मागच्या सीटवरून तिचं पुढचं चाक काढलं आणि माझ्या काउंटरवर आदळलं. चाक कसलं, पापड होता तो.

"तुम्हीच केली होती न सर्व्हिसिंग? आठ दिवस नाही झाले भाऊ. बाबा पडले. कॉलरबोन गेलं, मनगटातही क्रॅक आहे. एवढा टाइट ब्रेक ठेवतात का?"

माणसाच्या आधी मी सायकल ओळखली. सरांची. सर म्हणजे आमच्या भागातल्या अर्ध्या पोट्ट्यांना गणित शिकवलेले, मला पण शिकवलं आहे, काठावर का होईना पास केलं आहे. रिटायर झाल्यावर हायब्रिड सायकल घेतली, रोज पहाटे अंबाझरी-फुटाळा तलावांची फेरी करून परत येतात. त्यांचं नाव ऐकून पोटात गोळा आला पण "ब्रेक टाइट" ऐकून डोकं पण सटकलं. लोकांचं एक ठरलेलं आहे बघा, कारचा शॉकअप गेला तर रोड खराब, आणि सायकलवाला पडला तर याचा बॅलन्स गेला, नाहीतर वय झालं, नाहीतर मिस्त्रीने ब्रेक टाइट ठेवला. रोडचं नाव सायकलच्या बाबतीत कोणी घेतच नाही.

माझं काम बाहेरून पाहणाऱ्याला वाटतं पंक्चर आणि हवा. पण बावीस वर्षं हेच करून राहिलो, तर ट्यूब पाहिली की रस्ता कळतो. समोरासमोर दोन बारीक चिरा असतील तर खड्ड्याच्या कडेवर आपटली, टायर दबून ट्यूब रिममध्ये चिमटली. टाचणीएवढं भोक आणि आत हात फिरवला की बोटाला टोचणारी केसासारखी तार, म्हणजे हायवे, फुटलेल्या ट्रक टायरची. टायरच्या बाजूला काप असेल तर गिट्टी. २३ सप्टेंबर २०२३ ला अंबाझरी ओव्हरफ्लो होऊन पाणी घुसलं होतं, त्यानंतर महिनाभर कुठलीही हब, म्हणजे चाकाचा मधला गड्डा, उघडली की आतून गाळ निघायचा, छर्रे काढून पाहिले तर गंजून तपकिरी झालेले. तेव्हाचे लोक सांगायचे सायकल वरच्या मजल्यावर होती, पण हब काय खोटं बोलते का.

तर मी त्याला म्हटलं, दादा पाच मिनिटं बसा, चहा मागवतो, ओरडायचं असेल तर नंतर ओरडा. तो बसला नाही, पण थांबला.

सायकल स्टँडवर टांगली. ब्रेक लॉक होऊन माणूस हँडलवरून पुढे फेकला गेला असता तर चाकाचा असा आठ होत नाही, चाक बऱ्यापैकी सरळच राहतं. समोर कशाला धडकली असती तर पुढचं चाक धरणारा चिमटा मागे वाकतो, खालच्या पाइपाचा रंग हेडपाशी सुरकुततो. इथे रंगाला चरा नाही. दुकानातलं एक सरळ चाक आणून त्या चिमट्यात चढवलं, मधोमध बसलं, दोन्हीकडे सारखी जागा. फिरवून ब्रेक मारायला त्यालाच लावला. चाक झटका न देता थांबलं. डाव्या पेडलचं टोक घासलेलं, डावी ग्रिप फाटलेली, म्हणजे सर डावीकडे पडले, रोडच्या बाहेरच्या बाजूला, आणि हे एक नशीब, उजवीकडे पडले असते तर मागून येणाऱ्या गाडीखाली होते.

मग तो आठ झालेला रिम उजेडात धरला. ब्रेक जिथे घासतो ती पट्टी नेहमी चकचकीत असते. तिच्यावर एक-दीड फूट लांब ओरखडे होते, दोन्ही बाजूंनी, समोरासमोर. उजव्या बाजूचे खोल आणि त्यात पांढरट भुकटी. डाव्या बाजूच्या ओरखड्यात लाल भुकटी. नखाने खरवडून कागदावर घेतली आणि त्याला दाखवली.

"हे काय?"

"उजवीकडे सिमेंट, डावीकडे गट्टू, पेव्हर ब्लॉक. चाक मधी फसलं होतं."

आता हे आमच्याकडचं प्रकरण जरा नीट सांगतो, कारण कारवाल्याला ते आयुष्यात दिसत नाही. नागपूरभर सिमेंट रोड झाले. मधला भाग चांगलाच असतो, नाही म्हणणार नाही. दर साडेचार मीटरच्या आसपास आडवा काप मारलेला असतो, कारण आपल्याकडे मे मध्ये पारा ४५ च्या वर आणि डिसेंबरात १० च्या खाली, काप नसेल तर स्लॅब मनाला येईल तिथे तडकेल. हे आडवे काप सायकलवर टक टक वाजतात फक्त, चाक त्यांना आडवं ओलांडतं, पाडत नाहीत. पण स्लॅब संपतो तिथून नालीपर्यंत गट्टू असतात, ते बसवतात चुरीवर, म्हणजे दगडाच्या बारीक भुकट्यावर. पाऊस पडला की स्लॅबवरचं सगळं पाणी कडेला येतं, चुरी वाहून नेतं, गट्टू खाली बसतात, जरा बाहेर सरकतात आणि स्लॅबच्या काठाला लागून एक उभी फट तयार होते. रोडच्या दिशेने, म्हणजे चाकाच्याही दिशेने. सायकल आपण सरळ चालवतो असं वाटतं पण हँडल सारखं बारीक बारीक डावी-उजवी करत असतं, त्यावरच तर माणूस उभा असतो. चाक अशा फटीत गेलं की हँडल मेलं. तुम्ही बाहेर काढायला वळवता, चाक काठाला घासतं, वर येत नाही, आणि एका सेकंदात सायकल खाली.

आणि सायकलवाला नेमका तिथेच असतो, काठाच्या दीड फुटात. मधी आला तर मागून हॉर्न आणि वर आई-बहीण. त्याच दीड फुटात चेंबरचं झाकण, तिथेच वाळू, तिथेच बाटलीची काच, आणि कुठे सायकल ट्रॅक म्हणून पट्टा रंगवतात तो पण तिथेच. वर चाटवाल्याचा ठेला आणि उभ्या कार. ज्याने रेघ मारली त्याने सायकल चालवून मारली असती तर रेघ तिथे आलीच नसती, पण ब्रश देणारा वेगळा, नकाशा काढणारा वेगळा आणि बिल काढणारा तिसराच.

मुलगा बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, चला, दाखवतो कुठे पडले ते. पोट्टा आला होता, त्याला दुकान सोपवलं, दुसरं एक २८ चं, म्हणजे २८ मिलीमीटर रुंद टायरचं चाक, टॉर्च आणि स्टीलची पट्टी घेतली आणि त्याच्या कारमध्ये बसलो. जागा शोधायला काही लागलं नाही. स्लॅबच्या काठावर रबराची काळी रेघ आणि तिच्या शेवटी अॅल्युमिनियम चकाकत होतं. पट्टी लावली, फट ३४ मिलीमीटर, खोली पाच सेंटीमीटर, लांबी आठ-नऊ पावलं. चाक घातलं तर रिमसकट आत. हात सोडला तरी चाक उभं राहिलं फटीत, स्टँडला लावल्यासारखं. मुलाने फोटो काढले, व्हिडिओ काढला, तिथूनच तक्रार टाकली. चार दिवसांनी त्याला मेसेज आला, तक्रार निकाली. जाऊन पाहिलं तर अर्ध्या फटीत माल ओतून वरून घमेलं घासलेलं, उरलेली अर्धी तशीच. बहुतेक माल संपला असेल. तक्रारीत "अर्धी फट" असं लिहिलं नव्हतं न.

त्याच आठवड्यात मुलगा संत्रा बर्फीचा डबा घेऊन आला. "सॉरी भाऊ, त्या दिवशी जरा जास्तच बोललो." मी म्हटलं, होते असं, बाप पडल्यावर कोण शांत राहते. डबा ठेवून घेतला.

खरी गोष्ट आता. सरांच्या सायकलला कंपनीचे ४० चे टायर होते. सर्व्हिसिंगला आले तेव्हा सर म्हणाले, ते सकाळच्या ग्रुपमधले रोड बाइकवाले पुढे निघून जातात रे, मी मागे राहतो, काही करता येते का. मीच म्हटलं, सर २८ टाकून देतो, सायकल उडेल. त्यांनी विचारलं पण होतं, पातळ टायरने काही होत तर नाही न? मी म्हटलं, हवा ९० ठेवा, काही नाही होत. नव्वद पीएसआयच्या हवेने खड्ड्यात ट्यूब चिमटून होणारं पंक्चर टळते, हे खरंच आहे. दोन टायर, दोन ट्यूब, मजुरी, बिल चांगलं झालं, आणि सर दुसऱ्या दिवशी थांबून सांगून गेले की लेका, चढावर पण गिअर कमी करावा लागला नाही. मी खूश. नवीन टायरने सायकल हलकी होते हे दाखवणं मिस्त्रीला फार आवडते, त्यात आम्ही वाहवत जातो.

मुलाला जागेवर मी २८ चं चाक घालून दाखवलं. ४० चं नाही दाखवलं. ते दुकानात खुंटीला टांगलेलं होतं, वर खडूने सरांचं नाव लिहिलेलं.

त्या रात्री झोप नाही. पहाटे साडेपाचला सरांचा जुना टायर दुसऱ्या रिमवर चढवून, हवा ५५ भरून, एकटाच तिथे गेलो. चाक फटीवर ठेवलं. गेलं नाही आत. जोर दिला, काठावर थोडं दबलं, पण टेकून राहिलं. पुढे ढकललं, जरा डगमगलं, निघून गेलं. तीन-चारदा केलं. मी तसा उकिडवा बसलेला असताना मागून एक पेपरवाला काका आला, जुनी काळी सायकल, इंचाच्या मापात २८ बाय दीडचे टायर, म्हणजे रुंदीला तेही चाळीसच, हँडलला दोन्हीकडे पेपरचे गठ्ठे. माझ्या बाजूने बरोब्बर त्या फटीवरून गेला. सायकल जरा थरथरली. रोज जात असेल. थांबून म्हणाला, "काय पडलं का भाऊ?"

"काही नाही," मी म्हटलं.

रोडचीच चूक आहे. हे मी दहा वेळा मनात मांडून पाहिलं, दहाही वेळा उत्तर तेच येतं. फट नसती तर २८ काय, २३ चा टायर पण चालला असता, चालतोच लोकांचा. आणि तरीही मला माहीत होतं न आमचे काठ कसे आहेत. माझ्याकडेच तर येतात ती चाकं. पावसाळ्यात, त्या दीड फुटात चालवणाऱ्या चौसष्ट वर्षांच्या माणसाला, मी.

परवा सरांचा फोन आला, हात अजून झोळीत आहे, सहा आठवडे सांगितले आहेत डॉक्टरने. म्हणाले, मुलाने सगळं सांगितलं, त्या लाल-पांढऱ्या भुकटीचं तर मस्तच शोधून काढलं तू, गणितात एवढं डोकं लावलं असतंस तर. हसले. मग म्हणाले, चाक नवीन बनव, टायर तेच राहू दे पातळ, सायकल पळत होती रे. मी हो हो केलं.

चाक बनवून झालं. नवीन रिम, छत्तीस तारा एकेक हाताने ताणल्या, निप्पल चावी पाव-पाव फिरवत, आउट अर्धा मिलीमीटर पण नाही, पोट्ट्याला हात लावू दिला नाही. त्यावर मी ४० चा चढवला आहे, मागेही ४० चा. टायरचे पैसे वेगळ्या पाकिटात काढून ठेवले आहेत. सायकल हातात घेतली की सरांना पहिल्याच नजरेत कळेल आणि ते विचारतील का बदलले म्हणून. बर्फीचा डबा अजून काउंटरखाली आहे, पोट्ट्याने अर्धा संपवला, मी एक तुकडा घेतला होता.