कन्फर्मेशनचे सहा महिने आणि ते एक पान

आधीच सांगून टाकते की माझं नाव आईने दिलं होतं. उपासना संपताना सूचना वाचतात तेव्हा माझं लक्ष कधीच नसतं, त्यामुळे कन्फर्मेशनचा (लहानपणी बाप्तिस्मा झालेल्यांनी मोठं झाल्यावर आपला विश्वास स्वतः कबूल करायचा विधी) क्लास सुरू होतोय हे मी ऐकलंच नव्हतं, घरी आल्यावर कळलं की यादीत पहिलं नाव माझंच. मी तेव्हा १५ वर्षांची. जाम चिडले, कारण क्लास रविवारी उपासनेनंतर दीड तास, म्हणजे रविवार गेलाच की. आता चर्चमधली लहान मुलं विचारतात ताई काय काय असतं, पाठांतर किती असतं, नापास करतात का, म्हणून म्हटलं एकदाचं लिहूनच काढू. आमचं चर्च मेथडिस्ट, म्हणजे प्रोटेस्टंट ख्रिस्ती लोकांचा एक पंथ, आणि प्रत्येक मंडळीत (म्हणजे चर्चमध्ये) पद्धत थोडी वेगळी असते, कुठे काही आठवड्यांत उरकतात, कुठे वर्षभर चालतं, आमचं सहा महिने चाललं. (नापास करत नाहीत. हे पहिल्यांदाच सांगते म्हणजे पुढचं शांतपणे वाचाल.)

आम्ही सात जण होतो. पहिल्या दिवशी मला वाटलं प्रार्थना, मग वह्या, मग धडा पहिला. तर पास्टर खुर्चीत बसले आणि म्हणाले, "शेवटच्या दिवशी तुमच्यापैकी कोणी नाही म्हणालं तरी मला चालेल, फक्त कारण मला येऊन सांगायचं." आम्ही एकमेकांकडे बघायला लागलो. मग त्यांनी समजावलं की लहानपणी आपला बाप्तिस्मा झाला तेव्हा आपल्या वतीने आईवडलांनी आणि मंडळीने उत्तरं दिली, आपण तर रडत होतो नाहीतर झोपलो होतो, आता तेच प्रश्न आपल्याला विचारणार आणि उत्तर आपलं आपण द्यायचं, आणि ज्या प्रश्नाला 'नाही' म्हणताच येत नाही त्याचं 'हो' काही कामाचं नाही. माझ्या बाजूला माझी मैत्रीण बसलेली, तिने हे ऐकून वहीत काहीतरी लिहिलं. तेव्हा मला ते काही विशेष वाटलं नाही.

एक मुलगा आमच्यात असा होता ज्याचा बाप्तिस्माच झाला नव्हता. त्याला टेन्शन की मला घेतील का. तर त्याचं सोपं असतं, त्याच दिवशी आधी बाप्तिस्मा आणि लगेच बाकीच्यांबरोबर कन्फर्मेशन. ज्यांचा झालेला आहे त्यांचा मात्र परत होत नाही, कितीही मागे लागलात तरी, कारण बाप्तिस्म्यात जे करायचं ते देवाने केलेलं असतं आणि ते कच्चं राहत नाही असं मेथडिस्ट मानतात. मेथडिस्ट संस्कार दोनच मानतात, बाप्तिस्मा आणि प्रभुभोजन. कन्फर्मेशन संस्कारात मोडत नाही, हे माझ्या कॅथलिक मैत्रिणीला सांगितलं तेव्हा ती म्हणाली मग एवढं सहा महिने कशाला. खरं सांगायचं तर मलाही तेच वाटत होतं. त्यात त्यांच्याकडे बहुतेक वेळा बिशप येतात, आमच्याकडे आमचे रोजचे पास्टरच डोक्यावर हात ठेवतात, म्हणजे तसं बघितलं तर थाटही कमीच.

आणि गंमत ऐका. १७८४ मध्ये जॉन वेस्लीने, म्हणजे ज्याने मेथडिस्ट चळवळ सुरू केली त्याने, अमेरिकेतल्या मेथडिस्टांसाठी उपासनेचं पुस्तक तयार करून पाठवलं, ते इंग्लंडच्या चर्चच्या प्रार्थनापुस्तकावरूनच केलेलं, आणि त्यातून कन्फर्मेशनचा विधी त्याने चक्क काढून टाकला. हे कळल्यावर आमच्यातला एक जण इतका खूश झाला, म्हणाला मग आपण पण काढून टाकू! पास्टर हसले, म्हणाले काढला खरा, पण लहानपणी बाप्तिस्मा झालेली मुलं मोठी झाली की स्वतःचं उत्तर देणार कुठे, हा प्रश्न राहिलाच, म्हणून पुढे मेथडिस्टांनी तो परत आणला. मला हे उत्तर पटलं. आवडलं नाही, पण पटलं.

इतिहासाचा भाग मला कंटाळवाणा वाटेल असं वाटलं होतं पण सगळ्यात जास्त तोच लक्षात राहिला. वेस्ली पाच वर्षांचा असताना १७०९ मध्ये एपवर्थच्या त्यांच्या घराला आग लागली, सगळे बाहेर आणि हा वरच्या खिडकीत, शिडी आणायला वेळ नाही म्हणून एकाच्या खांद्यावर दुसरा चढला आणि त्याला खाली घेतलं. 'मेथडिस्ट' हे नाव मुळात चिडवायचं नाव होतं, ऑक्सफर्डला वेस्ली आणि त्याचे मित्र ठरलेल्या वेळी प्रार्थना, ठरलेल्या वेळी अभ्यास, तुरुंगातल्या लोकांना भेटायला जाणं असं सगळं शिस्तीत करायची म्हणून बाकीचे हसायचे. १७४२ मध्ये ब्रिस्टलला सभागृहाचं कर्ज फेडायला प्रत्येकाकडून आठवड्याला एक पेनी घ्यायची ठरलं, त्यासाठी साधारण बारा-बारा जणांचे गट केले, आणि पैसे गोळा करणारा घरोघरी गेल्यावर त्याला कळायला लागलं की कोणाचं काय चाललंय, कोण पितंय, कोणाच्या घरी भांडणं आहेत, आणि तिथूनच मेथडिस्टांचे ते प्रसिद्ध 'क्लास', म्हणजे एकमेकांची विचारपूस करणारे छोटे गट, सुरू झाले. कर्जवसुलीतून! मला हे फार आवडतं, का ते नीट सांगता येत नाही.

पाठांतराचं म्हणाल तर प्रभूची प्रार्थना आपल्याला येतेच, दहा आज्ञा क्रमाने म्हणताना सहावी सातवी उलटसुलट होते, आणि प्रेषितांचा मतांगीकार (आपण काय मानतो ते सांगणारं जुनं विश्वासवचन) दर रविवारी सगळ्यांबरोबर म्हणतो म्हणून वाटतं येतोय, पण एकट्याने उभं राहून म्हणून बघा. मी मधेच अडकले. सगळ्यांच्या आवाजात आपण नुसते ओठ हलवत असतो हे तेव्हा कळलं. एकेक ओळ घेऊन त्याचा अर्थ काय हे बोलायचो, 'पवित्र सार्वत्रिक मंडळी' म्हणजे जगभरातली सगळी मंडळी, फक्त आपली नाही, वगैरे. वेस्लीचे १७४३ चे तीन नियम पण होते, कोणाचं वाईट करू नका, जमेल तितकं चांगलं करा, आणि उपासना, प्रार्थना, शास्त्रवाचन, प्रभुभोजन, उपास हे सोडू नका. ऐकायला सोपे आहेत. पहिला नियम एक आठवडा पाळून वहीत लिहून आणायचा होता, मी मंगळवारी सोडून दिला.

कृपेचा धडा मात्र मला खरंच कळला नव्हता. आपण देवाकडे वळायच्या आधीपासून काम करणारी कृपा, मग क्षमा करून नीतिमान ठरवणारी, मग हळूहळू पवित्र करत नेणारी, हे मी नुसतं पाठ केलं होतं. मग पास्टरांनी वेस्लीचंच उदाहरण सांगितलं, पश्चात्ताप म्हणजे ओसरी, विश्वास म्हणजे दार आणि पवित्र जगणं म्हणजे ते घर. त्यावर माझी मैत्रीण पटकन म्हणाली, "मी ओसरीवरच आहे, आत कोण आहे ते अजून दिसत नाहीये." कोणी हसलं नाही. पास्टर म्हणाले ओसरी पण घराचीच असते गं.

आता त्या पानाबद्दल. प्रत्येकाला एक मेंटर देतात, मंडळीतलं मोठं माणूस, आपल्या घरातलं नको. मला ज्या मावशी मिळाल्या त्या चर्चमध्ये नेहमी तिसऱ्या रांगेत बसायच्या आणि मी आयुष्यात त्यांच्याशी "नमस्कार मावशी" याच्या पुढे बोलले नव्हते. दर पंधरा दिवसांनी भेटायचं. त्या पहिला प्रश्न दरवेळी तोच विचारायच्या, "आत्म्याचं कसं चाललंय?" हा मेथडिस्टांच्या गटांमधला जुना प्रश्न आहे म्हणे. मी दरवेळी म्हणायचे, बरं चाललंय. त्या मान हलवायच्या आणि दुसरं काहीतरी बोलायच्या. असं चार-पाच वेळा झालं.

शेवटच्या महिन्यात सगळ्यांना आपापला विश्वास एका पानात लिहायचा होता, आणि तो पास्टर आणि मेंटर यांच्यासमोर वाचायचा. मी काय केलं, तर नेटवरून तीन-चार ठिकाणचं उचललं, थोडे शब्द बदलले, मस्त गुळगुळीत पान तयार. मावशींना दाखवलं. त्यांनी पूर्ण वाचलं, चष्मा काढला आणि म्हणाल्या, "छान आहे. पण बाळा, यात तू कुठे आहेस?" मला इतकी लाज वाटली की मी त्यांच्यावरच भडकले, म्हणाले मावशी तुम्हाला खरं हवंय का, तर खरं हे आहे की मी प्रार्थना करते तेव्हा पलीकडे कोणी ऐकतंय का हे मला माहीत नाही, कधी वाटतं आहे, कधी वाटतं मी स्वतःशीच बोलतेय, आता लिहू का हे पानावर?

त्या म्हणाल्या, "हो, हेच लिही." आणि मग त्यांनी वेस्लीची ती गोष्ट सांगितली जी क्लासमध्ये अर्धीच झाली होती. २४ मे १७३८ ला लंडनमध्ये आल्डर्सगेट स्ट्रीटवरच्या सभेत त्याचं मन कसं विलक्षण उबदार झालं हे तर सगळ्यांनाच माहीत असतं. त्याच्या आधीचं आणि नंतरचं कोणी सांगत नाही. आधीचं असं की १७३६ मध्ये अमेरिकेला जाताना समुद्रात वादळ झालं, मोरेव्हियन (जर्मनीकडून आलेला एक ख्रिस्ती पंथ) लोक शांतपणे गीतं गात होते आणि हा धर्मगुरू असून मरायला घाबरला होता. परत आल्यावर १७३८ च्या मार्चमध्ये तो म्हणाला माझ्याकडे विश्वासच नाही तर मी उपदेश बंद करतो, तर पीटर बोलर नावाच्या मोरेव्हियन मित्राने सांगितलं की बंद करू नकोस, विश्वास मिळेपर्यंत विश्वासाचाच उपदेश कर. आणि नंतरचं म्हणजे, जानेवारी १७३९ मध्ये, त्या उबदार संध्याकाळीला आठ महिने पण झाले नव्हते, तेव्हा त्याने स्वतःच्या रोजनिशीत लिहिलंय की मी आत्ता ख्रिस्ती नाही. त्याच वर्षी पुढे तो ब्रिस्टलला उघड्यावर उभा राहून हजारो लोकांना उपदेश करत होता.

मी म्हटलं मग तो खोटं बोलत होता का. मावशी म्हणाल्या, "नाही गं, खोटं तर तुझं हे पान बोलतंय." कडक बाई.

मग मी नवीन लिहिलं, पूर्ण पान पण भरलं नाही, दहा-बारा ओळी झाल्या. काय लिहिलं ते सगळं इथे सांगत नाही, पण पहिली ओळ अशी होती की मला खात्री नाही, तरी मी दर रविवारी इथे येते आणि आता आईने ओढून आणलं म्हणून येत नाही. वाचताना आवाज थरथरत होता. पास्टरांनी एकच विचारलं, "जेव्हा वाटतं की कोणी ऐकत नाहीये तेव्हा तू प्रार्थना थांबवतेस का?" मी म्हटलं नाही थांबवत. ते म्हणाले ठीक आहे. संपला इंटरव्ह्यू, एवढाच. मी रात्रभर काय काय उत्तरं तयार केली होती.

माझी मैत्रीण त्याच आठवड्यात पास्टरांना भेटून नाही म्हणाली. आजारी नव्हती, भांडण नव्हतं, तिला ते प्रश्न विचारले गेले तर तिचं उत्तर आज 'हो' नाहीये एवढंच तिने सांगितलं. तिच्या घरी बराच गोंधळ झाला, नातेवाइकांना सांगून झालं होतं, ड्रेस आणून झाला होता. मंडळीतले काही जण तिच्याकडे वेगळ्या नजरेने बघायला लागले, आणि याचा मला आजही राग आहे, कारण सहा महिने तिच्याइतकं मनापासून आमच्यातल्या कोणीच ऐकलं नव्हतं, आम्ही बाकीचे तर घड्याळ बघत असायचो. पास्टरांनी मात्र शब्द पाळला. एकदाही तिला परत विचारलं नाही.

आमचं कन्फर्मेशन पेंटेकॉस्टच्या रविवारी होतं, बरीच चर्चेस तोच दिवस धरतात, पवित्र आत्मा उतरला तो दिवस म्हणून. आदल्या दिवशी प्रॅक्टिस होते, कुठे उभं राहायचं, कधी गुडघे टेकायचे, कोणाच्या नंतर कोण. प्रॅक्टिसला मी सगळ्यात हुशार होते. प्रत्यक्षात पहिल्या प्रश्नालाच, दुष्टाईचा त्याग करता का या अर्थाचा तो प्रश्न, मी सगळ्यांच्या अर्धा सेकंद आधी "हो" म्हणून मोकळी झाले आणि मागून कोणीतरी खुदकन हसलं. मग येशू ख्रिस्ताला आपला तारणारा म्हणून स्वीकारता का, मग मंडळीला दिलेलं वचन, प्रार्थना, हजेरी, दान, सेवा आणि साक्ष. यातली साक्ष नंतर आलेली आहे, युनायटेड मेथडिस्ट चर्चने ती २००८ मध्ये वचनात घातली, आधी चारच होत्या. मला दान आणि सेवेची भीती नव्हती, हजेरीची होती, परीक्षेच्या दिवसांत काय करणार.

त्या मुलाचा बाप्तिस्मा आधी झाला. पास्टरांनी पाण्यात हात घालून आम्हाला सगळ्यांना सांगितलं की आपला बाप्तिस्मा आठवा आणि धन्यवाद द्या. मला माझा आठवत नाही, मी तीन महिन्यांची होते, पण त्या पाण्याचा आवाज ऐकताना पहिल्यांदा वाटलं की हे माझ्याशी पण झालंय.

मग नाव घेऊन एकेकाला पुढे. मी गुडघे टेकले, पास्टरांचे दोन्ही हात डोक्यावर, आईबाबांचा एकेक हात खांद्यावर, आणि पाठीवर मावशींचा, त्यांची अंगठी टोचत होती. पवित्र आत्मा तुझ्या ठायी कार्य करो असं काहीतरी सुरू झालं आणि पुढचं मला ऐकूच आलं नाही. अंगावर काटा, उबदार मन, तसलं काही झालं नाही. फक्त खूप वजन जाणवलं. हात इतके जड असतात हे मला माहीत नव्हतं.

उपासना संपल्यावर फोटो, हातात सर्टिफिकेट, त्यावर माझ्या नावात चूक, ते नंतर बदलून घेतलं. मावशी जवळ आल्या आणि त्या गर्दीत पण त्यांनी तोच प्रश्न विचारला. मी म्हटलं, "मावशी, आज माहीत नाही." त्या पहिल्यांदाच खुर्ची ओढून माझ्याशेजारी बसल्या.

माझी मैत्रीण आली होती. दुसऱ्या रांगेत बसली होती, तोच आणलेला ड्रेस घालून. सगळे पांगल्यावर माझ्याजवळ आली, सर्टिफिकेट वाचलं, चुकलेल्या नावावर हसली, आणि मग हळूच विचारलं, "जड लागतात का गं हात?"

"हो."

"किती?"