तुम्ही विचारलंत म्हणून: शोचा जज कोण ठरवतो?

आमच्या लॅब्रडॉर क्लबचा कुत्र्यांचा वार्षिक शो झाला की पुढचे दोन-तीन आठवडे मला एकच प्रश्न निरनिराळ्या शब्दांत विचारला जातो. सोसायटीतले शेजारी सरळ विचारतात, "जज कसे निवडता हो तुम्ही?" ज्यांचा कुत्रा मागे राहिलेला असतो ते थोडा वळसा घेतात आणि जजसाहेब कोणाच्या ओळखीतून आले होते, अशी चौकशी करतात. एकदा तर दादर स्टेशनच्या पुलावर एका गृहस्थांनी मला थांबवून, "सेटिंग असतं ना?" असे हसत हसत विचारले होते. या छोट्या क्लबचा चिटणीस म्हणून मी सात वर्षे काम करतो आहे आणि या प्रश्नाचे उत्तर पुलावर उभ्या उभ्या देता येत नाही, एवढे मला पुरते कळले आहे.

निवड हा शब्द ऐकला की डोळ्यांसमोर भरपूर नावे आणि त्यांतून उचललेले एक नाव येते. प्रत्यक्षात आमचे काम बहुतांशी नावे खोडण्याचे असते. शोला चेन्नईच्या केनेल क्लब ऑफ इंडियाची, म्हणजे कुत्र्यांच्या जातींची नोंद ठेवणाऱ्या संस्थेची, परवानगी लागते आणि जजही त्या जातीसाठी मान्यता असलेलाच असावा लागतो. परदेशातून कोणाला बोलवायचे तर त्याच्या देशाच्या संस्थेची संमतीही हवी. गेल्या तीन वर्षांत आमच्याकडे येऊन गेलेल्यांची नावे आम्ही पहिल्या फेरीतच काढतो, कारण चॅम्पियन ही पदवी मुळात वेगवेगळ्या नजरांनी दिलेल्या पसंतीवर उभी आहे. इंग्लंडमध्ये, जिथे १८७३ साली केनेल क्लब स्थापन झाला आणि या साऱ्या खेळाची घडी बसली, तिथे कुत्र्याला चॅम्पियन होण्यासाठी तीन निरनिराळ्या जजकडून तीन चॅलेंज सर्टिफिकेटे, म्हणजे त्या पदवीसाठी धरली जाणारी प्रमाणपत्रे, मिळवावी लागतात. एकाच माणसाने तीनदा पहिला क्रमांक दिला तर त्यातून त्या माणसाची आवड सिद्ध होते, कुत्र्याची प्रत मात्र होत नाही.

यानंतरची खोडाखोड अधिक अवघड जाते. केनेल क्लबांच्या एफसीआय या आंतरराष्ट्रीय महासंघाचा नियम असा आहे की शोआधीच्या सहा महिन्यांत जो कुत्रा जजच्या मालकीचा होता, त्याने सांभाळला किंवा विकला, तो त्याने तपासू नये. नियम योग्यच आहे, परंतु मुंबई-पुण्याच्या आमच्या जगात तो पुरा पडत नाही, कारण इथे कोणी ना कोणी कोणाकडून तरी पिल्लू घेतलेले असते, आणि पिल्लू नाही तर मेटिंगसाठी नर तरी. म्हणून आम्ही मागच्या दोन शोंच्या एन्ट्री घेऊन वंशावळी पाहतो. ज्याच्या घरची रक्तरेषा निम्म्या रिंगमध्ये, म्हणजे जजसमोर उतरणाऱ्या निम्म्या कुत्र्यांत, दिसेल, तो माणूस कितीही जाणकार असला तरी त्याला आम्ही आमच्या शोपुरता बाजूला ठेवतो. त्यांतल्या दोघांशी माझी मैत्री आहे, आणि त्यांच्या घरी चहा घेताना हा विषय न काढण्याचे कसब मी आता मिळवले आहे.

खोडाखोड नीट झाली तरी सारे साधत नाही, हे आम्ही एका टॅक्सीमुळे शिकलो. किंबहुना टॅक्सी न केल्यामुळे. त्या वर्षी जज पहाटेच्या विमानाने येणार होते आणि आमच्या एका सभासदाने मोठ्या मनाने सांगितले की माझी गाडी आणि ड्रायव्हर आहे, मीच त्यांना विमानतळावरून घेऊन येतो. क्लबचे पैसे वाचले म्हणून आम्ही सगळे खूश झालो. दुपारी त्याच सभासदाचा कुत्रा बेस्ट ऑफ ब्रीड, म्हणजे जातीतला सर्वोत्तम, ठरला. तो कुत्रा त्या दिवशीच्या रिंगमध्ये खरोखरच सर्वांत चांगला होता, असे माझे आजही प्रामाणिक मत आहे, पण ते मत ऐकून घ्यायला एकही माणूस तयार नव्हता आणि त्यांना दोष देण्याची सोयही आम्ही ठेवली नव्हती. प्रदर्शकांबरोबर, म्हणजे कुत्रे दाखवणाऱ्यांबरोबर, प्रवास करू नये, निकालाआधी त्यांच्याकडे राहू नये, कोणता कुत्रा कोणाचा हे सांगणारा कॅटलॉग पाहू नये, हे नियम जजसाठी पूर्वीपासूनच आहेत. ते पाळले जातील अशी व्यवस्था करणे हे यजमानांचे काम आहे, ही गोष्ट मात्र आमच्या ध्यानात उशिरा आली. तेव्हापासून टॅक्सी, हॉटेल आणि आदल्या रात्रीचे जेवण या तिन्हींचा खर्च क्लब करतो, आणि जेवायला सोबत बसणाऱ्याचा कुत्रा शोमध्ये नसतो.

आता खऱ्या प्रश्नाकडे येतो. उरलेल्या चार-पाच नावांतून एक नाव कशावरून ठरते? एफसीआयच्या हिशेबाने जजने तासाला सरासरी २० कुत्रे तपासावेत, म्हणजे एका कुत्र्याच्या वाट्याला तीन मिनिटे येतात. तेवढ्यात दात पाहायचे, हाताने शरीर चाचपायचे, चाल पाहायची आणि मत बनवायचे. लॅब्रडॉरच्या बाबतीत या तीन मिनिटांतले सर्वांत महत्त्वाचे काम जजची बोटे करतात, असे मी मानतो. दाट, दुहेरी केसांखाली बरगड्या लागतात की नुसता मऊ थर लागतो, हे लांबून दिसत नाही. भरदार छाती आणि चरबी यांत फरक न करणारा जज आमच्या जातीचे मोठे नुकसान करतो, कारण जिंकलेल्या नराच्या मालकाला दुसऱ्याच दिवसापासून मेटिंगसाठी फोन येऊ लागतात. त्यातून ही जात मुळातच खादाड. २०१६ मध्ये केंब्रिज विद्यापीठाच्या संशोधकांनी दाखवून दिले की साधारण चारातल्या एका लॅब्रडॉरमध्ये भुकेशी संबंधित एका जनुकाचा तुकडा गळालेला असतो आणि अशा कुत्र्यांचे वजन व खाण्याची ओढ अधिक असते. दोन खोल्यांच्या फ्लॅटमध्ये वाढणाऱ्या, दिवसातून दोनदा खाली फिरून येणाऱ्या आपल्या लॅब्रडॉरना रिंगमध्येही लठ्ठपणाबद्दल शाबासकी मिळू लागली, तर घरी त्यांच्या ताटलीतली पोळी कमी कोण करणार?

म्हणूनच समितीत दरवर्षी एक वाद रंगतो: या जातीचा खास जाणकार बोलवायचा की सर्व जाती पाहणारा ऑलराउंडर? खास जाणकाराला डोक्याची ठेवण, मुळाशी जाड असलेली ऑटरसारखी शेपटी, केसांचा पोत यांतले बारकावे दिसतात, पण त्याची एखादी लाडकी गोष्टही असते आणि तिच्यापायी तो चालीतला उघड दोष माफ करून बसतो. ऑलराउंडरची नजर समतोल असते. मात्र पैसे घेऊन दुसऱ्यांचे कुत्रे रिंगमध्ये फिरवणाऱ्या व्यावसायिक हँडलरांचे चेहरे त्याला सगळीकडे भेटलेले असतात, आणि दोरीच्या वरच्या टोकाकडे पाहून निकाल लावण्याची सवय, जिला आमच्या वर्तुळात फेस जजिंग म्हणतात, ती त्याला जडण्याचा धोका अधिक असतो. माझा कौल खास जाणकाराच्या बाजूने आहे, पण दोन वर्षांनी एकदा ऑलराउंडर यावा, हे मला पटते.

परदेशी जज बोलावला म्हणजे प्रश्न सुटला, असे अनेकांना वाटते. त्याचे इथे कोणाशी नाते नसते, हे खरे. पण तो आपली मोजपट्टी सोबत आणतो. एफसीआय मूळ देशाचे मानक प्रमाण मानते, म्हणजे लॅब्रडॉरसाठी इंग्लंडचे, आणि त्यात नराची आदर्श उंची ५६ ते ५७ सेंटिमीटर आहे. अमेरिकन केनेल क्लबचे मानक साडेबावीस ते साडेचोवीस इंच, म्हणजे सुमारे ५७ ते ६२ सेंटिमीटर सांगते. ज्याची नजर अमेरिकेच्या रिंगमध्ये तयार झाली आहे, त्याला आमचा नेमक्या उंचीचा नर बुटका वाटण्याची शक्यता असते, म्हणून आमंत्रणाच्या पत्रात कोणते मानक लागू आहे, हे आम्ही पहिल्याच परिच्छेदात लिहितो.

या सगळ्यांहून माझा भर आहे तो जजने पूर्वीच्या शोमध्ये कुत्र्यांबद्दल लिहिलेल्या शेऱ्यांवर. प्रत्येक नावामागे आम्ही किमान दहा जुने शेरे मिळवतो आणि नावे झाकून वाचतो. "छान डोके, चांगले केस, उत्तम स्वभाव" असे दहाही कुत्र्यांबद्दल लिहिलेले असेल तर त्या जजने कुत्रे पाहिले की नाही, हे कळायला मार्ग नसतो. याउलट एका शेऱ्यात, खांदा सरळ असल्यामुळे पुढचे पाऊल आखूड पडते आणि वजन दोन किलोने कमी हवे, असे लिहिलेले होते. तो कुत्रा चौथा आला होता. त्या जजना आम्ही बोलावले.

सभासदांचे मतदान का घेत नाही, असेही विचारले जाते, कारण अमेरिकेतल्या अनेक जाती-क्लबांमध्ये राष्ट्रीय शोचा जज मतांनी ठरतो. आम्ही एकदा घेतले. ज्याने आपल्या कुत्र्याला कधीतरी पहिला क्रमांक दिला त्यालाच प्रत्येकाने मत दिले.

राहता राहिला सर्वांत अवघड भाग: नावे सुचवणारी समिती स्वतःच कुत्रे दाखवते. हजारभर सभासदांच्या क्लबला हे टाळता येत असेल, साठ माणसांच्या क्लबला येत नाही. म्हणून जो नाव सुचवेल त्याने त्या वर्षी एन्ट्री भरायची नाही, असा ठराव आम्ही केला. पहिल्या वर्षी एकानेही नाव सुचवले नाही. बैठक तासभर चहा आणि वड्यांवर चालली आणि शेवटी सगळे माझ्याकडे पाहू लागले. तेव्हापासून नावे मीच सुचवतो आणि निर्णय बाकीचे चौघे घेतात. माझी मादी आता अकरा वर्षांची आहे. तिला वेटरन क्लासमध्ये, म्हणजे वयस्कर कुत्र्यांच्या गटात, का उतरवत नाही, असे कोणी विचारले तर त्याचेही उत्तर यातच आले.